कर्ता कुठं गेला?

आपल्या पोरांनी लिहिलेली इंग्रजी निवेदनं मी वाचतो. रात्रपाळी सुटल्यावर, डिक्शनरी मांडीवर घेऊन. ‘ॲन इन्सिडन्ट ऑफ ॲसॉल्ट टुक प्लेस.’ टुक प्लेस? मारहाण काय पावसासारखी आभाळातून पडली? वाक्यात मारणारा नाही, मार खाणारा नाही. कर्त्याच्या जागेवर बसलाय तो ‘इन्सिडन्ट’!

मराठीत कर्ता थोडा मागंपुढं झाला तरी प्रत्ययावरून ओळखू येतो. इंग्रजीत ती सोय नाही. तिथं जागा हीच ओळख. आधी कर्ता, त्याला लागूनच क्रियापद. ती जागा ‘इम्प्लिमेंटेशन’, ‘ऑकरन्स’ असल्या जड नामांना दिली की वाचणारा क्रियापदापर्यंत पोचेतो दमतो. आणि पॅसिव्ह केलं की करणाराच गायब. ही पळवाट साहेबाची. आमच्या गिरणीत फळ्यावर इंग्रजी नोटीस लागते, ‘इट हॅज बीन डिसायडेड’. कुणी डिसाइड केलं रे? तो लपवणारच, त्याचा पगारच त्यासाठी. आपण कुणासाठी लपवतोय?

कुणी म्हणेल, ही मास्तरकी झाली, लढ्याशी काय संबंध? मग १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा उघडा. कलम ३ चं इंग्रजी वाक्य ‘हूएव्हर’नं सुरू होतं. जो कुणी, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसून, अमुक करील तो. कायदा करणाऱ्याला पहिल्या जागी उभा करतो, आणि आपलं निवेदन त्याला वाक्याबाहेर पळवून लावतं!

सगळीकडं मारणाराच पुढं काढा असंही नाही. परिच्छेद त्या बाईचा असेल, ती ठाण्यात कधी गेली, काय सांगितलं, परत का आली, तर वाक्यामागून वाक्य तीच कर्ता राहू दे. दर वाक्याला कर्ता बदलला की वाचणाऱ्याला चक्कर येते.

आणि जिथं आपण केलं तिथं आपणच. महाडबद्दल एकानं लिहिलं होतं, ‘ॲक्सेस टु वॉटर वॉज गेन्ड’. गेन्ड म्हणे! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले, मागोमाग लोक प्याले. कर्ते चालतेबोलते आहेत, त्यांना ‘ॲक्सेस’खाली का गाडता? घटनेच्या उद्देशिकेचं इंग्रजी वाक्य एवढं लांब, तरी पेलतं. कारण पहिल्याच जागी भारताचे लोक उभे आहेत.

पुढचं निवेदन टाइपाला देण्याआधी पेन्सिल घ्या, प्रत्येक वाक्याच्या कर्त्याखाली रेघ मारा. ‘इन्सिडन्ट’ सापडला की खोडा, आणि वस्तीत जाऊन विचारून या, कुणी केलं ते.