ओरिजिनलचा आग्रह आणि आमची कंबर

जुन्या जीपवाल्या मंडळींत एक प्रश्न हमखास विचारला जातो. गाडी चालते का, ब्रेक लागतात का, कुठवर जाऊन आलात, हे सगळं नंतर. आधी एकच: "ओरिजिनल आहे का?" स्थळ बघायला आल्यावर गोत्र विचारावं तसा. मग बॉनेट उघडायचं, इंजिन नंबरची पट्टी रुमालाने पुसून वाचायची, हेडलाइटच्या काचेवरची अक्षरं वाचायची आणि गंभीरपणे मान हलवायची. सीट बदललेली दिसली की चेहरा असा होतो, जणू आपण वाड्याच्या सागवानी दरवाजाला सनमायका चिकटवला.

मला या आग्रहाशी भांडायचंय. त्याच्यामुळे काही गाड्या वाचल्या असतील, नाही असं नाही. पण गाड्या चालवणारी माणसं एकेक करून गळतायत, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

माझी जीप १९७२ ची. महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल. मी तिच्यापेक्षा थोडा लहान. तिचा चॅसिस शाबूत आहे. माझ्या कमरेतली एल-फोर एल-फाइव्हची चकती सरकलेली, डाव्या गुडघ्याचं लिगामेंट ऑपरेशन करून शिवलेलं, आणि उजवा खांदा एका ठरावीक कोनाच्या वर जात नाही. आमच्या धंद्यात (सॉफ्टवेअर) पंचवीस वर्षं खुर्चीवर बसून माणसाचं जे होतं तेच. डाव्या पायाने क्लच, उजव्या हाताने स्टिअरिंग, कमरेने बाकी सगळं. म्हणजे जीपला जे जे अवयव लागतात, नेमके तेच माझे सर्व्हिसिंगला आलेले.

अशा माणसाला ओरिजिनलवाले सांगतात की सीट तीच ठेव, ब्रेक तेच ठेव, स्टिअरिंगला हात लावू नकोस. नाही तर ते रिस्टोरेशन नव्हे.

ठीक. पण ओरिजिनल म्हणजे नेमकं कुठल्या तारखेचं? जीपचा जन्मच घाईगर्दीतला. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने निविदा काढली, पहिला नमुना द्यायला मुदत ४९ दिवस. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो सप्टेंबरमध्ये दिला. मग विलीज आणि फोर्ड मैदानात उतरल्या, आणि युद्धात सहा लाखांच्या वर गाड्या बनल्या. युद्ध संपल्यावर तीच गाडी शेतकऱ्यांना विकायची म्हणून सीजे आली. आणि आपली लाडकी ३बी कशी झाली? विलीजला जास्त ताकदीचं 'हरिकेन' इंजिन बसवायचं होतं. जुन्या 'गो डेव्हिल'मध्ये सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असायचे. नव्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि बॉनेटखाली मावेना. मग काय केलं? बॉनेट उचललं! लोक आज ज्या उंच कपाळाच्या जीपकडे बघून उसासे टाकतात, ते कपाळ म्हणजे १९५३ सालची तडजोड आहे. इंजिन बदललं म्हणून पत्रा बदलला.

मुंबईत महिंद्राने हीच गाडी अमेरिकेत बंद झाल्यानंतरही कितीतरी वर्षं बनवली. पुढे याच घराण्यातल्या जीपमध्ये प्यूजोचं डिझेल आलं. कारखान्याने गरज बघून बदल केला तर तो 'इतिहास', आणि मी माझ्या कमरेची गरज बघून सीट बदलली तर 'मॉडिफिकेशन'. हा न्याय मला कुणीतरी समजावून सांगावा.

आता सीटच. मूळ सीट म्हणजे पत्र्याच्या तबकावर बोटभर स्पंज. तरण्याताठ्या शिपायासाठी केलेली, आणि तो शिपाई तिच्यावर दहा वर्षं बसेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पण तरण्याताठ्यांचंही काय झालं बघा. दुसऱ्या महायुद्धात माकडहाडापाशी गळू होऊन जवळपास ८० हजार अमेरिकन सैनिक इस्पितळात गेले. मुळात तो आजार त्वचेत शिरणाऱ्या केसांचा, फक्त जीपमुळे होणारा नव्हे. पण आदळआपट करत तासन् तास जीप चालवणाऱ्यांत तो इतका दिसला, की १९४४ साली एका अमेरिकन सर्जनने त्यावर लेख लिहिताना त्याला चक्क 'जीप डिसीज' म्हटलं. विशीतल्या पोरांची ही कथा. आणि पन्नाशीतल्या माणसाने तीच सीट 'फील' म्हणून जपायची?

यातली गंमत अशी की मऊ गादी टाकून काम होत नाही. बसलेल्या माणसाचा कणा वर-खाली, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा हलला की रेझोनन्स होतो, म्हणजे खालून येणारा हादरा कण्यात मोठा होऊन पोचतो. जाड मऊ फोम नेमक्या याच पट्ट्यात झोके घेऊ लागतो. म्हणून कंबर दुखते म्हणून घरच्या दोन उशा खाली घेणारे लोक दुखणं वाढवून घेतात. मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एका भंगारातल्या गाडीची सीट आणली. घट्ट फोम, कमरेला आधार, मागे-पुढे सरकणारी. ती जुन्याच बोल्टांच्या भोकांत बसेल अशी पट्टी करून घेतली. चॅसिसला, फ्लोअरला एक नवं भोक नाही.

आणि खरं सांगायचं तर निम्मा त्रास सीटचा नव्हताच, पाट्यांचा होता. "जीप म्हणजे कडकच असायची" असं अभिमानाने सांगणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांचे पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले असतात. पाट्यांचा गठ्ठा हा एकावर एक घसरण्यासाठी केलेला असतो. घसरणं थांबलं की तो स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा ओंडका होतो, आणि खड्डा थेट मणक्यात. मी चारही गठ्ठे सोडवले, एकेक पाटा वायर ब्रशने घासला, मध्ये ग्राफाइट ग्रीस भरलं, सेंटर बोल्ट नवे टाकले, शॅकलचे बुजलेले ग्रीस निपल मोकळे केले. चार शनिवार-रविवार गेले. कारखान्यातून गाडी अशीच आली होती, म्हणजे हे काम शंभर टक्के ओरिजिनल! पण ते करायला कुणी सांगत नाही, कारण बॉनेट उघडून ते दिसत नाही.

टायरचंही तसंच. मूळ गाडीला अरुंद ६.००-१६ टायर असायचे, आणि त्यावर स्टिअरिंग बऱ्यापैकी हलकं असतं. ओरिजिनलचे गोडवे गाणारेच फोटोत रुबाब दिसावा म्हणून ट्रॅक्टरसारखे रुंद टायर चढवतात आणि मग "जीप चालवायला मनगटात दम लागतो" म्हणतात. दम लागत नाही हो, हवा आणि मापाचे टायर लागतात. मी अरुंद टायर परत आणले, स्टिअरिंगच्या बेलक्रँकचे घासलेले बेअरिंग बदलले, किंगपिनच्या शिम नीट लावल्या. खांदा आता गाडी वळवताना कुरकुरतो, ओरडत नाही.

पण ब्रेकवर मी ऐकून घेणार नाही. मूळ गाडीत मास्टर सिलिंडर एकच, तोही पायाखाली फ्लोअरच्या खाली, चिखलात आणि पाण्यात. सर्किट एकच. चार चाकांपैकी कुठल्याही एका चाकाच्या सिलिंडरचा वॉशर गेला, एक पाइप फुटला, की चारही ब्रेक गेले. मग उरतो ट्रान्सफर केसच्या मागे बसवलेला हँडब्रेक, आणि देव. बूस्टर नाही, म्हणजे थांबण्याची सगळी ताकद पायातून यायची. पंचविसाव्या वर्षी पाय जितका जोर देत होता तितका तो आज देत नाही. ही भावनेची बाब नाही, पेडलवर पडणाऱ्या जोराची बाब आहे. पानशेतच्या रस्त्याला पोरं सायकली घेऊन वळणावर उभी असतात, त्यांना माझ्या गाडीच्या अस्सलपणाशी काही देणंघेणं नाही. दुहेरी मास्टर सिलिंडर आणि बूस्टर हे मी बसवणारच. ज्यांना सिंगल सर्किट पवित्र वाटतं त्यांनी उतारावर माझ्या पुढे गाडी चालवावी, मागे नको.

आता कायदा. ओरिजिनलवाले लगेच कलम ५२ काढतात. आरसीवर नोंदलेला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा फेरफार नको, असं ते कलम म्हणतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच ठणकावून सांगितलं. रास्त आहे. चॅसिस कापून लांब करणं, कुठलं तरी इंजिन कोंबणं, याला आळा हवाच. पण २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, ते वाचा. त्यात 'मूळ स्वरूप' बिघडवणारे बदल म्हणून नावं कुणाची आहेत? चॅसिस, बॉडी शेल, इंजिन. सीटचं नाव नाही. ब्रेकचं नाव नाही. सरकारसुद्धा आमच्या मित्रांपेक्षा उदार निघालं!

त्या व्हीए मालिकेची नंबर प्लेट मात्र मला नकोय. २० हजार रुपये फी भरायची आणि मग रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. मी साध्या नोंदणीवर आहे. दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण, वर राज्याचा पर्यावरण कर. १५ वर्षांवरच्या गाडीची नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १० हजार. भरतो, कुरकुरत भरतो. मी स्वतः चाळिशी ओलांडल्यापासून लायसन्सला डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतोच. माणूस म्हातारा होतो हे कायद्याला कळतं, गाडी म्हातारी होते हेही कळतं. म्हातारा झालेला माणूस म्हातारी झालेली गाडी स्वतःला जमेल अशी करून घेऊ बघतो, एवढंच आमच्या कंपूला कळत नाही.

दुसऱ्या बाजूला हितचिंतक. "अरे, कंबर बघ, वय बघ, विकून टाक, नवीन घे, पॉवर स्टिअरिंग येतं, एसी येतो." यांच्याशी मी फार भांडत नाही, प्रेमाने बोलतात बिचारे. पण त्यांना वाटतं हे काम म्हणजे तरुणपणाचा हट्ट. उलट आहे. पंचविशीत मी हे काम वाईट केलं असतं, कारण तेव्हा अडलेला बोल्ट मी जोर लावून तोडला असता. आता जोर नाही, म्हणून आदल्या रात्री तेल सोडून ठेवतो, सकाळी लांब दांड्याचा पाना लावतो, तरी नाही हलला तर गरम करतो. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस छातीवर घेऊन उतरवणारे मिस्त्री मी बघितलेत आणि त्यातल्या एकाची पन्नाशीतली पाठही बघितलीय. माझ्याकडे चेनकप्पी आहे, चाकांचा जॅक आहे, गुडघ्याखाली रबराची गादी आहे. चाळीस मिनिटं काम, दहा मिनिटं पाठ टेकून पडणं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी घालून दिलेला हिशोब आहे तो, आणि बोल्टही त्या चाळीस मिनिटांत कमी तुटतात.

माझ्या एका मित्राचा खांदा गोठला. त्याची जीप ही आमच्यातली सगळ्यात अस्सल. पॉवर स्टिअरिंग बसव म्हटलं तर म्हणाला, "किंमत जाईल." दोन वर्षं गाडी उभी राहिली. मग विकली. नवीन मालक संग्राहक आहे, गाडी शेडमध्ये कापडाखाली आहे, वर्षातून एकदा ट्रेलरवर चढून प्रदर्शनाला जाते. किंमत गेली नाही, हे खरंय. मित्र आता रविवारी सकाळी फोन करत नाही.

ओरिजिनलवाल्यांचं एक मात्र मान्य करायला हवं. जुनी मॅन्युअलं त्यांनी सांभाळली, नाना पेठेपासून दिल्लीच्या काश्मिरी गेटपर्यंत हिंडून हरिकेनचे व्हॉल्व्ह नि गास्केट शोधले, आणि डबवालीछाप झगमगाटापासून कितीतरी गाड्या वाचवल्या. त्यांच्याशिवाय माझं इंजिन आज सुरू नसतं. म्हणून माझाही एक नियम आहे: जो बदल पान्यांनी एका रविवारी परत काढता येतो तो करायचा, ज्याला गॅस कटर लागतो तो करायचा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक कमिट रिव्हर्ट करता आला पाहिजे.

मास्टर सिलिंडरचा ब्रॅकेट सध्या फॅब्रिकेटरकडे आहे, पुढच्या शनिवारी मिळेल म्हणतो (म्हणजे त्याच्या पुढच्या). जुनी सीट, जुना सिलिंडर, त्याचे बोल्ट, सगळं पॅराफिनच्या कागदात गुंडाळून एका खोक्यात ठेवलंय, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी. ज्यांना ओरिजिनल बघायचंय त्यांनी यावं, खोकं उघडून दाखवतो. चहाही देईन. जीप मात्र तेव्हा घरी असेलच असं नाही.