रबर तेवढं बदला

रोहिणी नक्षत्र सरत आलं की कोकणात घरं शाकारून झालेली असतात आणि लाकूडफाटा आत आलेला असतो. आमच्याकडे याच दिवसांत आणखी एक काम निघतं. मी गाडीच्या वायपरचं रबर बदलते. गाडी १९९८ची मारुती ८००, अजून एका हाकेला सुरू होणारी.

याची सवय लागली ती गेल्या जुलैपासून. सासूबाईंना घेऊन ताम्हिणीतून माणगावला निघाले होते. मुळशीपर्यंत नुसती रिपरिप होती. घाट लागला आणि पाऊस अंगावरच आला. वायपर फिरत होते, मोटर ठणठणीत होती, पण माझ्या बाजूचा वायपर पाणी निपटून काढत नव्हता, काचेवर सारवत होता. नेमका डोळ्यांसमोर चार बोटं रुंद असा धुरकट पट्टा. समोरून एसटी आली, तिच्या दिव्यांचा उजेड त्या पट्ट्यात फुटला आणि दोन क्षण मला रस्त्याची कड दिसेना. घाटात दोन क्षण फार असतात.

"थांब गं, आपल्याला कुठे मुहूर्त गाठायचाय," आई म्हणाल्या.

जरा रुंद जागा पाहून गाडी उभी केली. पाऊस ओसरल्यावर वायपरची दांडी उचलली आणि रबराच्या कडेवरून बोट फिरवलं. कड वाळक्या वादीसारखी ताठ झाली होती, एका अंगाला कलंडून तशीच राहिली होती आणि तिच्यावर नखाच्या टोकाएवढ्या बारीक भेगा होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर मी टायर पाहिले होते, ब्रेक पाहिले होते. याच्याकडे बघायचं सुचलंच नव्हतं.

वायपर पावसात झिजतो असं आपण समजतो. त्याचा खरा घात उन्हाळ्यात होतो. पाऊस संपला की सात-आठ महिने ती बारीक कड एकाच जागी, एकाच बाजूला दबून, तापलेल्या काचेवर पडून असते. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला तोडत जातात, त्याचा मऊपणा जातो. त्यात आपण सकाळी काचेवरची धूळ काढायला कोरडाच वायपर फिरवतो. त्या धुळीत वाळूचे कण असतात. ते रबराला खातात आणि काचेवरही कमानीसारखे ओरखडे ओढतात. काचेचे ओरखडे मग काही केल्या सहज जात नाहीत. एवढी एक सवय सोडली तरी खूप झालं. काच आधी भिजवावी, मगच वायपर चालवावा.

रबर जवळून पाहिलं तर त्याची करामत कळते. वर जाडसर पाठ, मध्ये बारीक मान आणि खाली धारेसारखी कड. दांडी डावीकडे चालली की कड उजवीकडे कलते आणि मागून ओढली जाते. फेरी संपून दांडी परत फिरली की कड पटकन दुसऱ्या अंगावर उलटते. नीट कान दिला तर ते उलटणं ऐकूही येतं. मान ताठ झाली की कड उलटत नाही. मग परतीच्या फेरीत वायपर काचेवर उड्या मारत, कटकट करत येतो. घड्याळ लावून मोजलं तेव्हा माझ्या गाडीचा वायपर संथ गतीवर मिनिटाला ४४ फेऱ्या करत होता. माणगावपर्यंतच्या तीन तासांत या जवळपास आठ हजार फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत त्या कडेला दोनदा उलटायचं होतं. एवढ्याशा रबराने याहून जास्त काय करायचं?

अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली काच पुसायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते आतून हाताने दांडा ओढून चालवायचं होतं, पण काचेला लागायची ती पट्टी तेव्हाही रबराचीच होती. दांडा गेला, मोटर आली. रबर आहे तिथेच आहे.

आता माझी तक्रार. मे महिन्यात नाना पेठेत रबर आणायला गेले. स्पेअर पार्टच्या तीन दुकानांत एकच उत्तर मिळालं : "ताई, नुसतं रबर कोण घेतं आता? अख्खं ब्लेडच न्या." माझ्या ब्लेडचा लोखंडी सांगाडा उत्तम आहे. सांधे सैल नाहीत, गंज नाही. एवढ्याशा रबरासाठी तो भंगारात टाकायचा, हे मला पटत नाही. बरं, स्वस्तातलं नवं ब्लेड जुन्या सांगाड्याइतकं घट्ट असेलच असंही नाही. चौथ्या दुकानातल्या काकांनी छताला टांगलेली जुडी खाली काढली आणि विचारलं, "किती इंची?" मी जुनं रबर बरोबर नेलं होतं, म्हणून रुंदीचाही प्रश्न आला नाही. एका रबराला साठ रुपये पडले. ब्लेडची जोडी साडेचारशेला होती.

काम वीस मिनिटांचं आहे, फक्त घाई करायची नाही. माझ्या दांडीचं टोक आकड्यासारखं वळलेलं आहे. क्लिपची जीभ दाबून ब्लेड दांडीच्या बुडाकडे सरकवलं की सुटतं. ब्लेड निघालं की लगेच काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवावी. उघडी दांडी स्प्रिंगच्या जोराने खाली आपटली तर काचेला तडा जातो, आणि मग साठ रुपयांचं काम काही हजारांवर जातं.

सांगाड्याच्या पंजांमध्ये रबर धरलेलं असतं. एका टोकाच्या पंजात ते खाचेत अडकलेलं असतं, दुसरं टोक मोकळं. अडकलेलं टोक कोणत्या बाजूला होतं ते आधीच पाहून ठेवावं. ते सोडवून रबर बाहेर ओढलं की दोन्ही अंगांना स्टीलच्या दोन बारीक पट्ट्या दिसतात. त्या टाकायच्या नाहीत. रबर काचेवर सगळीकडे सारखं दाबलं जातं ते त्यांच्यामुळे. त्यांना किंचित बाक असतो, खाचा असतात. जशा निघाल्या तशाच, खाचा रबराकडे करून, नव्या रबराच्या चरांत बसवायच्या. मी पहिल्या खेपेला एक पट्टी उलटी घातली होती, तर रबर तिसऱ्या पंजापाशी अडलं आणि पुढे सरकेना. जोर न लावता काढून पुन्हा बसवलं. रबर लांब असेल तर मोकळ्या टोकाकडून धारदार ब्लेडने सरळ कापायचं. शेवटी खाच पंजात बसल्याची खात्री करायची, नाहीतर भर पावसात रबर सरकून बाहेर येतं आणि उघडं लोखंड काचेवर घासतं.

रबर घालण्याआधी काच साबणाच्या पाण्याने धुवावी. तेलकट काचेवर नवं रबरही फराटेच ओढतं. एवढं करूनही एकच बारीक रेघ राहिली तर कडेला कण चिकटला असेल किंवा ती कुठे कातरली असेल. नव्या रबरानेही रुंद पट्टा कोरडा होत नसेल तर रबराला दोष देऊ नये. सांगाडा वाकला असेल किंवा दांडीची स्प्रिंग ढिली पडली असेल, तेव्हा मिस्त्रीला दाखवावं. आताच्या सांगाडा नसलेल्या सपाट ब्लेडना नुसतं रबर घालणं बहुतेक वेळा जमत नाही. पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांचे सांगाडे शाबूत आहेत, आणि आपण मागितलंच नाही तर दुकानदार रबर ठेवणार तरी कशाला?

आमच्या सोसायटीतल्या दोन जुन्या गाड्यांसाठी रबरं आणायला परवा पुन्हा त्याच काकांकडे गेले. जुडी जवळजवळ संपली होती. काकांनी वहीत इंच लिहून घेतले. "चार-पाच गिऱ्हाइकं झाली या महिन्यात," म्हणाले, "मागवतो आणखी."