चाळीस वह्या, एकच आई

सहामाही जवळ आली की माझ्या टेबलावर सहावीच्या निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा पडायचा. त्या वर्षी विषय होता ‘माझी आई’. पहिली वही उघडली. ‘माझी आई खूप प्रेमळ आहे. ती पहाटे लवकर उठते. ती माझी खूप काळजी घेते. ती माझा पहिला गुरू आहे.’ दुसरी उघडली, तर तेच. तिसरीतही तेच, फक्त ‘काळजी’चा पहिला वेलांटीचा झाला होता. वीसेक वह्या झाल्यावर वाटायला लागलं, आमच्या गावात एकच बाई राहते आणि तिला चाळीस मुलं आहेत!

खरं म्हणजे त्या वर्गातल्या कुणाची आई कांद्याच्या खळ्यावर जायची, कुणाची रात्री अकरापर्यंत ब्लाउज शिवत बसायची, कुणाची पंचायत समितीत नोकरीला होती. एका मुलाची आई तर दोन वर्षांपूर्वीच गेली होती. त्यानंही लिहिलं होतं, ‘ती पहाटे लवकर उठते.’ गाइडमध्ये तसंच होतं ना!

एकच वही वेगळी निघाली. त्या मुलीनं लिहिलं होतं, की कांद्याची पात कापून कापून आईची दोन बोटं काळी पडलीत. लग्नाला जायच्या आदल्या दिवशी ती त्यांना लिंबाची फोड चोळते, पण डाग जात नाही. मग फोटो काढताना ती तो हात पदराखाली घेते.

आणि मी काय केलं असेल? लाल पेनानं शेरा मारला, ‘निबंधात आईचे गुण लिहावेत.’ दहापैकी पाच. गाइडवाल्यांना आठ आठ दिले. आज हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला तेच बरोबर वाटत होतं. आम्हीही तसंच शिकून आलो होतो.

मैत्रिणींनो, दोष गाइडचा किंवा आताच्या मोबाइलचा म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मोबाइलला विचारलं की मिनिटभरात निबंध हजर होतो हे खरं, पण विचारायला कोण सांगतं? ‘मी सांगते, तू लिही’ म्हणणाऱ्या आपणच ना! मार्क जाऊ नयेत ही काळजी त्यामागे असते, हे मला कळतं. पण त्यातून पाचवी ते आठवीतलं मूल एक गोष्ट पक्की शिकतं, की लिहिण्यासारखं जे काही असतं ते दुसऱ्याच्या घरात असतं. आपलं घर, आपली आई, आपली गल्ली वहीत घ्यायच्या लायकीची नाही. माझा आक्षेप आहे तो याला.

आपल्याकडचीच एक मुलगी आठवा. मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकली. १८५५ साली, चौदा वर्षांची असताना, तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. म्हणजे आजच्या आठवी-नववीतल्या मुलीचं वय. ‘आमचे लोक फार दुःखी आहेत’ एवढं लिहून ती थांबली नाही. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, त्या अवस्थेत त्यांना थंडी, वारा, पाऊस सोसावा लागतो, हे तिनं लिहिलं. पावणेदोनशे वर्षं होत आली, पण ते न झाकलेलं घर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नुसतं ‘दुःख’ हा शब्द असता तर कधीच विसरून गेलो असतो.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातली आई प्रेमळ होती हे आपल्याला कशावरून कळतं? आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि ती त्याच्यासाठी धोंड्यावर ओचे पसरते, त्यावरून. ‘प्रेमळ’ हा शब्द तिथं नसला तरी चालतो.

मग हे मुलांना शिकवायचं कसं? फार मोठं शास्त्र नाही. त्या निबंधानंतर दोनेक वर्षांनी मी स्वतःच चाचपडत सुरुवात केली.

पहिलं म्हणजे विषय लहान केला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ म्हटलं की सगळीकडे मोर नाचतात आणि धरणी हिरवा शालू नेसते. आमच्या गावात मोर कुणी पाहिलेलाही नाही. मी विचारलं, ‘अचानक पाऊस आला की तुमच्या घरात कोण काय उचलायला पळतं?’ वर्गात नुसता गलका! कुणाची आजी वाळवणाकडे, कुणाची आई गोवऱ्या झाकायला, कुणाचा दादा मोटारसायकलवर गोणपाट टाकायला. मोर कुणालाच आठवला नाही.

दुसरं, ‘खूप’, ‘सुंदर’, ‘छान’, ‘मजा आली’ या शब्दांना महिनाभर सुट्टी दिली. कुणी लिहिलं, ‘माझे आजोबा खूप कंजूष आहेत’, की मी विचारायची, ‘तुला कसं कळलं?’ थोडा वेळ डोकं खाजवून तो मुलगा म्हणाला, ‘बाई, ते अर्धी जळालेली काडी टाकत नाहीत. गॅस पेटलेला असला की त्याच्यावर ती धरतात आणि देवापुढचा दिवा लावतात.’ म्हटलं, हेच लिही! ‘कसं कळलं?’ हा एक प्रश्न शंभर सूचनांचं काम करतो. तो आईलाही विचारता येतो, त्यासाठी डीएड व्हावं लागत नाही.

तिसरं, रोज दहा मिनिटं एकच वस्तू नीट बघून लिहायची. दिसते कशी, आवाज काय, वास काय, हाताला कशी लागते. एका मुलीनं दाराची कडी घेतली. ‘आमची कडी आधी वर उचलावी लागते, मगच सरकते. पाहुण्यांना ते जमत नाही, म्हणून पाहुणे अंगणातूनच हाक मारतात.’ दोन वाक्यांत घर उभं राहिलं की नाही?

मात्र एवढं जमलं की दुसरी अडचण येते. मुलं सगळंच लिहायला लागतात. सहलीच्या निबंधात पाचला उठलो, दात घासले, बस आली, खिडकीत बसलो, समोसा खाल्ला, घरी आलो. माहिती भरपूर, पण चित्र एकही नाही. तेव्हा विचारावं, ‘काय आठवून अजून हसू येतं?’ एका मुलाच्या मित्राची चप्पल नदीत वाहून गेली होती. मग निबंध चप्पल निसटली तिथं सुरू झाला आणि मित्र एका पायानं लंगडी घालत बसमध्ये चढला तिथं संपला. दात घासणं आपोआप गळून पडलं. आपण सुपात तांदूळ पाखडतो तसंच हे आहे. कोंडा उडाला की दाणा दिसतो.

आणखी एक. वही हातात आली की लगेच ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे लागू नका. आधी मूल काय सांगतंय ते वाचा, त्यावर दोन शब्द बोला, मग पेन घ्या. शुद्धलेखन हवंच, पण नंतर. आणि मुलानं ‘कोरड्यास’ किंवा ‘वाकळ’ लिहिलं तर ते खोडून ‘भाजी’ आणि ‘गोधडी’ करू नका. त्याच्या घराचा वास त्या शब्दांत असतो.

आता एक अवघड गोष्ट. एकदा एक आई चिडून शाळेत आली. ‘बाई, घरातलं चव्हाट्यावर मांडायला शिकवता होय?’ तिच्या मुलीनं लिहिलं होतं, की उधारी थकली की आई वाण्याच्या दुकानासमोरून न जाता मागच्या बोळातून जाते. मी तो निबंध छान म्हणून वर्गात वाचून दाखवला होता. वाण्याचा पुतण्या त्याच वर्गात होता!

चूक माझीच होती. मी त्या माउलीची माफी मागितली आणि तेव्हापासून काही नियम केले. काय लिहायचं आणि काय नाही, हे मूल ठरवेल. त्याला विचारल्याशिवाय निबंध कुणाला वाचून दाखवायचा नाही. आणि लिहिण्यातून काही दुखणं कळलंच, तर त्याच्याशी एकटं, हळू आवाजात बोलायचं. तपशील म्हणजे घराची गुपितं नव्हेत. दाराच्या कडीतही तपशील असतो. पण मुलानं विश्वासानं खरं काही लिहिलं, तर ‘असं लिहू नये’ म्हणून त्याला पुन्हा गाइडकडे पाठवू नये, असं मला आजही वाटतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या उठाठेवीचा फायदा काय? निबंधाचे मार्क जाऊ द्या. उद्या याच मुलीला नगरपालिकेत अर्ज करावा लागेल. ‘पाण्याचा फार त्रास आहे’ असं लिहिलेला अर्ज फाइलीत जाऊन पडतो. ‘आमच्या गल्लीत मंगळवारी आणि शनिवारी रात्री अडीचला पाणी येतं, वीस मिनिटांत जातं, चार हंडे भरतात’ असं लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. डॉक्टरांपुढे ‘बरं वाटत नाही’ म्हणून गप्प बसणाऱ्या किती बायका आपण पाहतो! कुठं दुखतं, कधीपासून, काय केलं की वाढतं, हे नेमकं सांगता येणं हीसुद्धा भाषाच आहे. आपलं म्हणणं नेमकं मांडता येणाऱ्या बाईला उडवून लावणं सोपं नसतं. मुक्तानं ते चौदाव्या वर्षी करून दाखवलं.

त्या काळ्या बोटांच्या निबंधाचे मार्क आता मला परत देता येत नाहीत. ती मुलगी सातवीला दुसऱ्या शाळेत गेली, पुढं भेट झाली नाही. आपल्या आईकडे एवढं निरखून बघणाऱ्या मुलीला मी ‘गुण’ लिहायला सांगितलं, याची टोचणी मात्र राहिली आहे.

म्हणून सांगते, आज ना उद्या तुमच्या घरात कुणीतरी वही घेऊन येईल आणि म्हणेल, ‘आई, “माझी आई”वर निबंध सांग ना.’ तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा. कणकेचे असोत, शाईचे असोत, नाहीतर खुरप्याचे घट्टे पडलेले असोत, आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरा आणि विचारा, ‘बघ बरं, तुला काय काय दिसतंय?’