नदीकाठी जेवायला जाऊ, पण कुठं बसायचं?

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम आटोपला की पुण्यातल्या आमच्या गटातल्या बायका मिळून बाहेर जेवायला जातात. वर्ष सगळं कोर्ट, पोलीस चौकी, मोर्चे, मिटिंगा यांत गेलेलं असतं. त्या एका रात्री कुणी रांधायचं नाही, कुणी वाढायचं नाही, कुणी उष्टी काढायची नाही, असा आमचा नियम. यंदा नदीकाठी जायचं ठरलं. पण नदीकाठी नेमकं कुठं, यावर अर्धा तास वाद झाला. तो वाद आणि त्या रात्री जे पाहिलं ते मैत्रिणींपुढे मांडावंसं वाटतं. कारण त्यात आपल्या चळवळीची एक उणीव मला दिसली, आणि ती माझीही आहे.

पुण्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. म्हात्रे पूल ते राजाराम पूल या दरम्यान मुठेला लागून डीपी रस्ता आहे. त्यावर लग्नाची लॉन्स आणि हॉटेलं ओळीनं उभी राहिली. त्यातल्या अनेकांवर महापालिकेचा हातोडाही पडला. तिथून खाली, डेक्कनच्या अंगाला, भिडे पूल, झेड पूल, पुलाची वाडी या भागात संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात. आमच्यातल्या निम्म्याजणी म्हणाल्या, वर्षातून एकदा जायचं तर चांगल्या हॉटेलात जाऊ. निम्म्या म्हणाल्या, गाडीवर जाऊ, चार पैसे एखाद्या कष्टकरी बाईच्या हातात पडतील.

गंमत अशी की या अर्ध्या तासात जेवण कुठलं चांगलं, हे कुणीच विचारलं नाही. प्रश्न होते ते असे: तिथं संडास आहे का? असला तर त्याला आतून कडी आहे का? रस्त्यावर दिवे आहेत का? शेजारच्या टेबलावर पिणारे असतात का? दहानंतर रिक्षा मिळेल का, की पुलापर्यंत अंधारात चालावं लागेल? आमच्यातली एकजण मधुमेही आहे, तिला तासातासाला जावं लागतं. तिनं गाडीचं नाव ऐकताच हात जोडले. पुरुषांचा घोळका जेवायला निघतो तेव्हा त्यांना यातला एकही प्रश्न पडत नाही. आपण बायका जागा निवडत नाही, धोके वजा करत जातो. सगळं वजा करून जे उरतं, त्याला आपण आपली आवड म्हणतो.

शेवटी हॉटेल ठरलं. संडासानंच ठरवलं म्हणा ना!

दारातच पोऱ्यानं विचारलं, "बरोबर जेन्ट्स नाहीत?" नाहीत म्हटल्यावर त्यानं आम्हाला 'फॅमिली'च्या बाजूला नेलं. ती बाजू भटारखान्याला लागून, भिंतीकडची. नदीकडची टेबलं पुरुषांनी भरलेली. नदी बघायला आलेल्या आम्ही बाराजणी भिंतीकडे तोंड करून बसलो. मैत्रिणींनो, या 'फॅमिली रूम'चा जरा विचार करा. एकटा पुरुष हॉटेलात गिऱ्हाईक असतो. बाई मात्र कुटुंबाचा भाग म्हणूनच आत येऊ शकते, आणि एकटी आली तरी तिला कुटुंबाच्याच कप्प्यात बसवतात. पूर्वी या पडद्याआड बसून दोन घास निवांत खाता आले, हे खरं. मीही खाल्ले आहेत. पण पडदा लावल्यानं बाहेरच्यांच्या नजरा काही सुधारल्या नाहीत. त्यांना मोकळं रान मिळालं आणि आपल्याला कोपरा.

इथवरचं गाऱ्हाणं आपल्या ओळखीचं आहे. पुढचं नाही, किंवा आपण त्याची ओळख करून घेत नाही.

जेवण झाल्यावर मी संडासाकडे गेले. वाटेत मोरीवर एक बाई भांडी घासत होती. पन्नाशीची असेल. पायाखाली पाणी, समोर पातेल्यांचा ढीग. मला पाहून ती हळूच म्हणाली, "ताई, तुमचं झालं की दार लावून घेऊ नका. चावी काउंटरवर असते, आम्हाला देत नाहीत." दुपारी चारला ती कामावर येते, रात्री बारा वाजतात. मधे जावं लागलं तर मागच्या अंधारात, नदीच्या बाजूला. म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. नळाखाली आठ तास हात घालून बसलेली बाई तहानलेली राहते!

मी दार उघडं ठेवलं. बाहेर येऊन बिलाचे पैसे गोळा केले. मालक काउंटरवरच होता. मी त्याला काहीही बोलले नाही. सणाची रात्र, मैत्रिणी हसत होत्या, रंगाचा बेरंग कशाला, असं वाटलं. कुणी उष्टी काढायची नाही हा आमचा नियम त्या रात्रीही पाळला गेला होता, तो तिच्या जिवावर. ज्या संडासासाठी आम्ही ते हॉटेल निवडलं, तो तिला बंद होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. कुठं जेवायचं हे ठरवताना आपण स्वतःसाठी जे प्रश्न विचारतो, तेच तिथं राबणाऱ्या बाईसाठीही विचारले पाहिजेत. तिला संडास आहे का? ती रात्री घरी कशी जाते? अंगचटीला आलेल्या माणसाची तक्रार ती कुणाकडे करते? निम्मे प्रश्न सोडून दिले तर आपली मुक्ती भटारखान्याच्या दाराशीच थांबते.

हे प्रश्न हवेतले नाहीत, त्यामागे कायदा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि तिच्या संरक्षणाची सोय सक्तीची केली. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहापेक्षा कमी माणसं असलेल्या खानावळीलाही लागू आहे. तिथं अंतर्गत समिती नसते, तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. आपल्यापैकी कितीजणींनी आपल्या जिल्ह्याच्या समितीचा पत्ता एखाद्या भांडीवाल्या बाईच्या हातात दिला आहे? आणि मालक "बायकांना रात्री ठेवतच नाही, कटकट नको" म्हणाला तर तेही मान्य करू नका. दारू मिळते अशा जागी बायकांना नोकरीची बंदी घालणारं पंजाब अबकारी कायद्यातलं कलम सुप्रीम कोर्टानं २००७ साली रद्द केलं, ते याच मुद्द्यावर. बाईला संरक्षण द्यायचं म्हणजे तिचं काम काढून घ्यायचं नव्हे.

आता गाडीची बाजू. गाडीवर खाल्लं म्हणजे आपण सुटलो, असं समजण्यात अर्थ नाही. गाडीवालीलाही संडास नाही, नळ नाही. आणि नदी तिच्या सगळ्यात जवळ आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुलाच्या वाडीजवळ पाणी वाढलं तेव्हा आपली हातगाडी हलवायला गेलेले तीन तरुण विजेचा धक्का बसून मेले. गाडी म्हणजे त्यांचं पोट होतं, ते वाचवायला गेले.

पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खातं आखतं. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. तरी तिथं भिंती उभ्या राहतात. त्या पाडायच्या तर नोटीस, वकील, स्थगिती, तारखा. गाडी उचलायला मात्र एक ट्रक आणि दहा मिनिटं पुरतात. नदी वाचवायची हे आपलंही म्हणणं आहे. पण नदीकाठ सुंदर करायचा म्हणजे आधी गाडीवालीला हटवायचं आणि मग तिथंच काचेचं हॉटेल काढायचं, असं होणार असेल तर ते नदीवरचं प्रेम नव्हे. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुधारणेची पायाभरणी २०२२ साली झाली. या काठावर कोण विकणार, कोण बसणार, हे ठरत असताना आपण गप्प राहायचं का?

फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यानं शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांनी निवडून द्यायच्या प्रतिनिधींना दिल्या. त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. हटवायच्या आधी तीस दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत मिळाला पाहिजे. हे गाडीवालीला माहीत नसतं आणि तिचं सामान उचलणाऱ्याला माहीत असून चालतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. चुलीपाशी एकटी असलेली बाई संघटित होऊ शकते, हे आपण पाहिलेलं आहे. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली तेव्हा संडासासारख्या प्रश्नावर कसली चळवळ म्हणून हसणारेही होते. हसू द्या.

काय करता येईल? तीन साध्या गोष्टी सुचवते. एक, गट म्हणून बाहेर जेवायला गेलो की बिल देताना मालकाला सगळ्यांदेखत विचारायचं, कामाच्या बायकांना संडासाची चावी मिळते का? बाराजणींचं गिऱ्हाईक त्याला गमवायचं नसतं. दोन, 'फॅमिली'ची बाजू नाकारायची, नदीकडचं टेबल मागायचं आणि मिळेपर्यंत उभं राहायचं. तीन, प्रत्येक गटानं आपापल्या गावातल्या फेरीवाला समितीवर बायका निवडून आल्या आहेत का, हे या तिमाहीत तपासायचं आणि नदीकाठाच्या गाड्यांसाठी सार्वजनिक संडास, नळ आणि दिवे यांची मागणी लेखी द्यायची.

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघी त्या हॉटेलात पुन्हा गेलो. चहा मागवला आणि मालकाला चावीचं विचारलं. तो म्हणाला, "तुम्हाला काय त्रास झाला का, मॅडम?" आम्ही म्हटलं, आम्हाला नाही, तिला झाला. तो पुटपुटला, बघतो म्हणाला. मोरीवर त्या दिवशी दुसरीच बाई होती. पहिलीला काढलं की ती रजेवर होती, हे विचारल्यावर कुणी धड सांगेना. तेव्हापासून मनाला टोचणी आहे. आम्ही बोलायला उशीर केला, की बोलून तिचं नुकसान केलं? एकदा बोलून घरी निघून जाणाऱ्यांनी काम भागत नाही, एवढं मात्र कळलं. आम्ही आता दर पंधरा दिवसांनी तिथं जातो, तिचा शोध घेतो आणि आळीपाळीनं शेजारच्या हॉटेलांतही विचारतो.

तुमच्या गावात नदीकाठी, तळ्याकाठी, चौपाटीवर काय चित्र आहे? तुम्ही कुठं जेवता, आणि तिथं भांडी कोण घासतं? जरूर कळवा.