आंबट कोबी, गोड अननस



आजचा पदार्थ आहे जर्मनीचा, पूर्ण शाकाहारी आणि ताटात बाजूला वाढायचा. पण कृतीकडे वळण्याआधी तो माझ्यापर्यंत कसा पोहोचला, ते ऐका.

माझी भाची श्टुटगार्टला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मी तिच्याकडे गेले होते. आम्ही दोघीही शाकाहारी. एका जुन्या खाणावळीत आम्ही बटाट्याचे डंपलिंग आणि सावरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी मागवला. मागवताना भाचीने व्यवस्थित जर्मनमध्ये विचारले, "यात मांस नाही ना?" वाढणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "अजिबात नाही." ताट आले. पहिल्याच घासाला कोबीत गुलाबीसर तुकडे दिसले. पुन्हा विचारले, तर बाई तितक्याच प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मांस नाही हो, नुसते श्पेक आहे." श्पेक म्हणजे डुकराची खारवलेली, धुरावलेली चरबी. त्यांच्या लेखी तो फोडणीचा भाग, मांस नव्हेच!

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. आपण नाही का, भाजीत काय घातले असे कुणी विचारले तर तेल आणि हिंग सांगायचे विसरतो, तसेच ते. पण मी उपाशी उठले आणि भाचीचा चेहरा उतरला. "मावशी, मी आता विचारायचंच सोडलंय. ब्रेड आणि चीज खाऊन राहते," ती म्हणाली. तिचे हे वाक्य मला त्या ताटापेक्षा जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी तिने हा किस्सा खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगितला. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात. त्यांनी आम्हाला रविवारी जेवायला बोलावले आणि तोच कोबी लोण्यात शिजवून वाढला, सफरचंद आणि अननस घालून. त्यांच्याकडे चरबीच्या धुरकट चवीची जागा फळांच्या गोडीने घेतली होती. आंबट, गोड, किंचित खारट आणि मागे शहाजिऱ्याचा वास. भाचीने तीनदा वाढून घेतले.

हा कोबी आहे तरी काय?

जर्मन लोक याला 'झाउअरक्राउट' म्हणतात. झाउअर म्हणजे आंबट आणि क्राउट म्हणजे इथे कोबी. आंबटपणासाठी यात व्हिनेगर घालत नाहीत. बारीक चिरलेल्या कोबीला मीठ चोळले की त्याला पाणी सुटते आणि कोबीच्या पानांवर मुळातच असलेले जिवाणू त्या पाण्यात साखरेचे लॅक्टिक आम्ल बनवतात. इडलीचे पीठ आणि आंबील ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

श्टुटगार्टच्या दक्षिणेला फिल्डर नावाचे पठार आहे. तिथला टोकदार कोबी या कामासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी शरद ऋतूत तो चिरून, मिठात दाबून, मोठ्या मातीच्या भांड्यांत भरून तळघरात ठेवत. बर्फाच्या दिवसांत ताजी भाजी मिळत नसे, तेव्हा 'क' जीवनसत्त्व देणारा हाच कोबी कामी येई. १८६५ साली आलेल्या 'माक्स उंड मोरिट्स' या विल्हेल्म बुशच्या प्रसिद्ध चित्रकथेत विधवा बोल्टेबाई तळघरात हाच कोबी आणायला उतरतात आणि तेवढ्यात दोन खोडकर पोरे धुराड्यातून गळ टाकून त्यांच्या भाजलेल्या कोंबड्या पळवतात. बाईंना हा कोबी पुन्हा गरम केला की जास्त आवडतो, असेही त्यात आहे. ते खरेच आहे, दुसऱ्या दिवशी तो आणखी मुरतो.

साहित्य (चार जणांसाठी)

सावरक्राउट ५०० ग्रॅम
लोणी २ टेबलस्पून (लोणी नको असेल तर तेल)
कांदा १ मध्यम, पातळ उभा चिरून
आंबटसर सफरचंद १, साल काढून फोडी
पिकलेल्या अननसाचे लहान तुकडे १ वाटी
सफरचंदाचा रस १ कप (बिनसाखरेचा असल्यास उत्तम)
बटाटा १ लहान
साखर १ टीस्पून
शहाजिरे अर्धा टीस्पून
तमालपत्र १, लवंगा २, मिरे ४
मीठ लागलेच तर

आजी यात ज्युनिपरचे चार-पाच काळसर मणी घालतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत. लवंग आणि मिरी आहे, तेवढ्यावर छान भागते.

कृती

१. आधी कोबी चाखून पाहा. फार खारट किंवा आंबट असेल तर एकदाच गार पाण्यातून काढून पिळून घ्या. पुन्हा पुन्हा धुतलात तर चवच निघून जाईल. मग हाताने मोकळा करा.

२. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात लोणी वितळवून कांदा मऊ होईपर्यंत परता. लाल करू नका. साखर घालून ती विरघळू द्या. पदार्थ आंबट आहे, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे किंवा बिनकल्हईचे पितळी भांडे घेऊ नका.

३. सफरचंदाच्या फोडी घालून दोन मिनिटे परता. मग कोबी, शहाजिरे आणि सफरचंदाचा रस घाला. तमालपत्र, लवंगा आणि मिरे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून आत सोडा, म्हणजे खाताना दाताखाली येणार नाहीत.

४. झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास शिजवा. मधून मधून हलवा. कोरडे वाटले तर थोडे गरम पाणी घाला.

५. बटाटा सोलून, बारीक किसून घाला आणि दहा मिनिटे शिजवा. या किसाने रस दाटतो आणि आंबटपणाची धार जाते.

६. शेवटी अननस घालून पाच मिनिटे वाफ आणा. अननस आधीच घातला तर त्याचा लगदा होतो. पुरचुंडी काढा, चव पाहा आणि गरज असेल तरच मीठ घाला.

जर्मनीत हे कुस्करलेल्या बटाट्याबरोबर किंवा 'शुपफनुडेल्न' या बोटाएवढ्या बटाट्याच्या शेवयांबरोबर खातात. आमच्या इंदूरच्या घरी उकडलेल्या बटाट्याच्या लोण्यात परतलेल्या फोडींबरोबर संपते. द्राक्षांच्या दिवसांत अननसाऐवजी बिनबियांची हिरवी द्राक्षे घाला, तीही अशीच शेवटच्या पाच मिनिटांत.

कोबी घरी आंबवायचा असेल तर

बाटलीतले सावरक्राउट मोठ्या दुकानांत मिळते, पण महाग पडते. थंडीत कोबी स्वस्त असतो, तेव्हा घरी करा. माझा पहिला प्रयत्न फसला, कारण मीठ अंदाजाने घातले आणि कोबी पाण्याच्या वर राहिला. चौथ्या दिवशी वर बुरशी! सगळा टाकून द्यावा लागला. तेव्हापासून मी मीठ मोजूनच घेते.

१ किलो चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ. दहा मिनिटे चांगले चोळा, पाणी सुटेल. स्वच्छ काचेच्या बरणीत पाण्यासकट घट्ट दाबून भरा. वर कोबीचे एक अख्खे पान आणि त्यावर पाणी भरलेली लहान काचेची बाटली वजन म्हणून ठेवा. कोबी पाण्याखालीच राहिला पाहिजे. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. बरणीखाली ताटली ठेवायला विसरू नका. जर्मन तळघरात याला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडच्या उबेत आठवड्याभरात छान आंबटपणा येतो. मग बरणी फ्रिजमध्ये. केसाळ बुरशी, गुलाबी रंग, बुळबुळीतपणा किंवा कुजका वास यांपैकी काहीही आढळले तर मोह न धरता टाकून द्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. यात मीठ बरेच असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने खावे. आणि शिजवल्यावर ते उपयोगी जिवाणू मरतात. ते पोटात जावेत असे वाटत असेल तर चमचाभर कोबी कच्चाच कोशिंबिरीसारखा पानात डावीकडे घ्या.

मुले खातील का?

कॅप्टन कुकने १७६८ च्या सफरीत स्कर्व्हीच्या भीतीने जहाजावर सावरक्राउटची पिंपे भरून नेली होती. खलाशी तोंड लावेनात. त्याने कुणावरही सक्ती केली नाही. रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर मात्र तो वाढायला लावला. साहेब लोक आवडीने खातात म्हटल्यावर खलाशीही मागू लागले. तेव्हा मुलांच्या मागे लागू नका. आपण चवीने खा आणि अननसाचे तुकडे जरा जास्त घाला.

तुमचे कुणी जर्मनीत असेल, तर त्यांना ही कृती पाठवा आणि सोबत दोन शब्द पाठ करायला सांगा: 'ओने श्पेक, ओने श्माल्त्स', म्हणजे डुकराची चरबी नको आणि तिचे तूपही नको. "मांस आहे का?" असे विचारून तिथे भागत नाही. माझी भाची आता असेच विचारते. आणि महिन्यातून एका रविवारी लोणी आणि अननस घेऊन खालच्या मजल्यावर जाते. कोबी आजींचा असतो.