बिडाचा तुकडा आणि आक्कांचा प्रश्न

गेल्या महिन्यात सांगलीस साडूभाऊंच्या घरी गेलो, तो तेथे एक निराळाच पेच उभा होता. घरची मार्केट यार्डात हळदीची आडत, तीन पिढ्यांची. नात बारावी शास्त्र उत्तीर्ण झालेली, आणि तिने धातुशास्त्र घेण्याचे ठरविलेले. वडिलांचा प्रश्न सरळ होता : पुढे नोकरी कोठे? आक्कांचा, म्हणजे तिच्या आजींचा, प्रश्न अधिक अवघड : श्रावकासाठी वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत पहिलेच अंगारकर्म; मग भट्टीची विद्या या घरात आणावी कशी?

वडिलांना उत्तर देणे सोपे होते. पार्श्वनाथांचे तीर्थ म्हणून आपणांस ठाऊक असलेल्या कुंडलजवळच 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या आश्रयाने कारखाना उभारला. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी प्रथम त्यांच्या नांगराला हात लावीनात. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांनीही नांगरापासूनच आरंभ केला. ओतकाम या दोन जिल्ह्यांना परके नाही, आणि जेथे ओतकाम तेथे धातुतज्ज्ञ हवाच.

हे मी बँकेत शिकलो. 1998 च्या सुमारास एका फौंड्रीचे कर्जखाते माझ्याकडे होते. दरमहाच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तयार माल भरपूर, वसुली मात्र शून्य. प्रत्यक्ष पाहणीस गेलो, तर तो ‘तयार माल’ म्हणजे ग्राहकाने परत पाठविलेल्या बिडाच्या सुट्या भागांचा ढीग! एम.कॉम. झालेल्या मला ताळेबंद वाचता येई. ढीग वाचता येईना. खाते अनुत्पादक ठरविण्याचा मसुदाही मी लिहून ठेवला होता.

मालकाने नुकताच नेमलेला एक तरुण धातुतज्ज्ञ तेथे होता. त्याने एक तुकडा कापून आरशासारखा घासला आणि मला सूक्ष्मदर्शकातून दाखविला. वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातले की आतील ग्रॅफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात घडते आणि ठिसूळ बीड चिवट होते. परंतु हा प्रभाव काही मिनिटांतच उतरू लागतो. येथे रस लॅडलमध्ये वाट पाहत राही, कारण साचे वेळेवर तयार नसत. दोष लोखंडाचा नव्हता, घड्याळाचा होता. साच्यांचा क्रम बदलला. वर्षभरात हप्ते नियमित झाले. मसुदा मी फाडून टाकला.

आक्कांना हीच हकीकत सांगितली. आज पुष्कळ ठिकाणी कोळशाऐवजी विजेच्या भट्ट्या आहेत हे खरे; पण वीज म्हणजे अग्नी नव्हे, असा वकिली युक्तिवाद त्यांच्यापुढे करण्याचे धाडस मला झाले नाही. एवढेच म्हणालो, की नापास झालेला प्रत्येक नग पुन्हा भट्टीत जातो. अग्नी दुसऱ्यांदा पेटतो. तो दुसरा अग्नी टाळणे हेच या मुलीचे काम असेल.

आक्का बराच वेळ गप्प होत्या. “चातुर्मासात महाराजसाहेबांना विचारीन,” म्हणाल्या. पण पुण्याच्या सीओईपीचे प्रवेश काही चातुर्मासासाठी थांबत नाहीत, हे नातीने हळूच सुचविले. वडील शुल्काचा हिशेब करू लागले. तेवढ्यात आक्कांनी विचारले, तेथल्या वसतिगृहात सूर्यास्तापूर्वी जेवण मिळते का? मी तेथूनच पुण्यास फोन लावला.