डबा, मालमत्ता आणि मक्तेदारी

'बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी महाराष्ट्रातल्या माणसाला नवी नाही. मुंबईच्या इराणी हॉटेलांतून ती सूचनांच्या लांबलचक यादीत असे. त्या यादीची ख्याती एवढी होती की निस्सिम इझिकेल यांनी तिच्यावर एक कविताच केली. उडप्याच्या गल्ल्यामागे ती पाटी आजही आहे आणि आता ती मल्टिप्लेक्सच्या दारातही आहे, तेथे तर पिशव्या तपासणारा रखवालदार तिच्या जोडीला उभा असतो. शब्द तेच आहेत, म्हणून त्यांच्यामागचा न्यायही तोच आहे, असा समज मात्र पद्धतशीरपणे रूढ केला जात आहे. 'छोट्या हॉटेलवाल्याला जो अधिकार तुम्ही देता, तो मोठ्याला का नाकारता?' हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो आणि चळवळीतील अनेक कार्यकर्तेही त्याच्यापुढे निरुत्तर होतात. तसे होण्याचे काही कारण नाही.

प्रथम छोट्या हॉटेलाचा हिशेब पाहावा. आठ-दहा टेबले, भाड्याची जागा, एक आचारी, दोन-तीन वाढपी आणि फडके मारणारा एक पोऱ्या. या धंद्यात चहा आणि मिसळ विकली जाते असे दिसते, पण खरोखर दुर्मिळ असते ती खुर्ची. दुपारी बारा ते दोन या वेळेत एका खुर्चीवर किती गिऱ्हाइके बसून उठली, यावर त्या दिवसाची मिळकत ठरते. खुर्चीचे भाडे वेगळे आकारण्याची रीत नसल्यामुळे ते चहाच्या आणि मिसळीच्या किमतीत मुरलेले असते. अशा ठिकाणी चार जणांनी बाहेरून आणलेले वडापाव उघडायचे, एक चहा मागवायचा, तासभर बसायचे आणि कागद व चटणीचे डाग टेबलावर टाकून उठायचे, याला कोणी हक्काचा लढा म्हणू नये. ती दुसऱ्याच्या श्रमाची फुकट उचल आहे. त्या टेबलावरून फडके फिरविणारा मालक नसतो, दिवसभर उभा असलेला कामगार असतो, हे समाजवाद्यांना सांगावे लागू नये.

शिवाय या पाटीला खरा व्यवहार नेहमी मुरड घालत आला आहे. तालुक्याच्या गावी बाजारच्या दिवशी आलेला शेतकरी घरची भाकरी फडक्यातून सोडतो, एक प्लेट भजी किंवा नुसता रस्सा मागतो आणि हॉटेलवाला काही न बोलता कांदा पुढे ठेवतो. तान्ह्या मुलाचे दूध गरम करून द्यायला कोणी पैसे मागत नाही. मधुमेही म्हाताऱ्याने पिशवीतून घरची पोळी काढली तर मालक दुसरीकडे पाहतो. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज आणि अडचण माहीत असते. न पटले तर गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात जाऊ शकते, हेही दोघांना माहीत असते. म्हणूनच त्या पाटीत हुकमापेक्षा विनंती अधिक असते. शिष्टाचार म्हणतात तो हाच, आणि तो पाळावा.

मल्टिप्लेक्सच्या दाराशी हा सगळा हिशेब उलटतो. तेथे खुर्चीचे भाडे प्रेक्षकाने तिकिटाच्या रूपाने आधीच भरलेले असते. तो तीन तास बसला तर कोणाची जागा अडत नाही, तीन तासच त्याने विकत घेतलेले असतात. मग खाद्यपदार्थांच्या बंदीने कशाचे रक्षण होते? एकाच गोष्टीचे: आत आलेल्या माणसाला दुसरा विक्रेता मिळू नये, याचे. लाह्यांची किंमत तिकिटाच्या घरात जाते, ती लाह्यांच्या गुणामुळे नव्हे. दार बंद झाल्यावर मागणीला पर्याय उरत नाही, आणि पर्याय नसलेल्या मागणीवर किंमत कशी चढते हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्यातच 2023 साली देशातील दोन सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या. अनेक शहरांत 'शेजारच्या चित्रपटगृहात जा' हा सल्लाही त्यामुळे पोकळ ठरला. शेजारच्या चित्रपटगृहाचा मालक तोच आहे.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. तिकिटाचे साधारण निम्मे उत्पन्न वितरकाकडे जाते, खाद्यविक्रीचे सगळे चित्रपटगृहाकडे राहते, म्हणून लाह्यांच्या नफ्यावर तिकीट स्वस्त ठेवता येते, असे सांगतात. हे मान्य केले तरी त्याचा अर्थ काय होतो? ज्याच्याबरोबर लहान मुले आहेत, ज्याला औषधापूर्वी काही खाणे भाग आहे, जो कामावरून परस्पर आलेला आहे, त्याच्या भुकेवर कर बसवून इतरांचे तिकीट स्वस्त करायचे. एखाद्या सरकारने असा कर बसविला असता तर हेच लोक त्याला जुलूम म्हणाले असते.

3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या वादात निकाल दिला. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने 2018 साली ही बंदी रद्द केली होती. तो आदेश सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नरसिंह यांच्या खंडपीठाने फिरविला. चित्रपटगृह ही खाजगी मालमत्ता आहे, तेथे प्रवेशाच्या अटी मालकाने ठरवाव्यात, प्रेक्षकाला काही विकत घेण्याची सक्ती नाही, पिण्याचे पाणी मात्र फुकट द्यावे आणि तान्ह्या मुलांचे अन्न आणू द्यावे, असा त्याचा सारांश. सुनावणीत जिलेबीचे उदाहरण निघाले: प्रेक्षकाने पाकाची बोटे खुर्चीला पुसली तर सफाईचा खर्च कोणी करायचा? प्रश्न रास्त आहे. पण आत विकल्या जाणाऱ्या कॅरॅमल पॉपकॉर्नला आणि चीजच्या नाचोंना बोटे चिकटत नाहीत की काय? आणि सफाई करणारा कंत्राटी कामगार जिलेबी पुसतो आणि चीजही पुसतो. त्याच्या मजुरीत दोन्हींमुळे एका पैशाचा फरक पडत नाही.

न्यायालयाने एक गोष्ट सांगितली ती मात्र नीट वाचली पाहिजे. बाहेरचे अन्न आत येऊ द्यावे अशी अट त्या राज्याच्या 1975 च्या नियमांत नाही, असे निकाल म्हणतो. म्हणजे प्रश्न नियम करणाऱ्यांच्या दाराशी येऊन पडतो. धंद्याच्या स्वातंत्र्याशी सुसंगत असा नियम करणे हे कायदेमंडळाचे आणि सरकारचे काम आहे. महाराष्ट्रात चित्रपटगृहांना परवाना देणारा कायदा आणि 1966 चे नियम आहेतच. आग लागू नये म्हणून, बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे असावेत म्हणून याच 'खाजगी मालमत्ते'वर शेकडो अटी घातल्या जातात आणि त्यांनी मालकीहक्क बुडाला अशी ओरड कोणी करीत नाही. ही मालमत्ता सार्वजनिक तिजोरीच्या मदतीने उभी राहिली, हेही विसरता येत नाही. मल्टिप्लेक्स आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने त्यांना सुरुवातीच्या वर्षांसाठी करमणूक शुल्कात भरघोस सवलत दिली होती. सवलत घेताना सार्वजनिक आणि डबा अडविताना खाजगी, अशी ही मालमत्ता आहे.

मग सरकारने काय केले? जुलै 2018 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी विधान परिषदेत जाहीर केले की मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतील आणि अडविणाऱ्यांवर कारवाई होईल. वृत्तपत्रांनी मथळे दिले, लोकांनी टाळ्या वाजविल्या. ऑगस्ट उजाडला आणि त्याच सरकारने मुंबई उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की या बाबतीत हस्तक्षेपाची गरज नाही, बाहेरचे अन्न आत येऊ दिल्यास सुरक्षेला धोका संभवतो. विमानात डबा चालतो तर चित्रपटगृहात कसा चालत नाही, असे न्यायमूर्तींनाच विचारावे लागले. धपाट्यांनी राज्याची सुरक्षा धोक्यात येते हा शोध लागायला महिनाही पुरला!

याच सुमारास, जून 2018 मध्ये, पुण्यातील एका मल्टिप्लेक्समध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी दरांचा जाब विचारताना तेथील साहाय्यक व्यवस्थापकाला मारहाण केली. चित्रफीत गावभर फिरली आणि काही समाजवादी मंडळींनाही ती पाहून आत कुठेतरी बरे वाटले. त्यांनी स्वतःला विचारावे की ज्याच्या थोबाडीत बसली त्याने लाह्यांची किंमत ठरविली होती काय? तो पगारी नोकर होता. दर ठरविणारे संचालक मंडळ त्या दिवशी कोठे होते हे मारणाऱ्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यांना त्याची फिकीरही नव्हती.

पाटीचा आणखी एक अर्थ आहे. तो नफ्याशी बांधलेला नाही, म्हणून अर्थशास्त्राचे अभ्यासक त्याकडे पाहत नाहीत. काही ठिकाणी 'बाहेरचे अन्न नको' याचा अर्थ 'तुमच्या घरचे अन्न नको' असा असतो. ज्या समाजाने पाणवठे वाटून घेतले, हॉटेलाच्या वळचणीला वेगळी कपबशी टांगली, त्या समाजात कोणाच्या डब्यात काय आहे या चौकशीला इतिहास आहे. महाडचा सत्याग्रह 1927 चा, आणि बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम 1970 नंतरच्या दशकात हाती घ्यावी लागली. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांचा नावाने उल्लेख आहे तो उगाच नव्हे. 'माझी जागा, माझ्या अटी' हे वाक्य घटनाकारांनी ऐकलेले होते. हॉटेलवाल्याने सगळ्यांचेच डबे बंद ठेवावेत, तो त्याचा व्यवहार. एकाच्या डब्याला मोकळीक आणि दुसऱ्याच्या डब्याचा वास घ्यायचा, हा व्यवहार नव्हे.

मल्टिप्लेक्सला जाणारा वर्ग सुखवस्तू आहे, त्याच्या लाह्यांसाठी पक्षाने शक्ती का खर्चावी, असा आक्षेप आपल्यातलेच काहीजण घेतील. त्यात तथ्य आहे. पण हेच दार बंद करण्याचे तंत्र एस.टी.च्या प्रवाशाला रोज भेटते. गाडी महामार्गावर ठरलेल्या हॉटेलापाशीच थांबते, आसपास दुसरे दुकान नसते, टेबलावर घरचा डबा उघडू देत नाहीत आणि बाई पोरांना घेऊन उन्हात तापलेल्या गाडीतच भाकरी सोडते. तिकीट तिने भरलेले आहे, थांबा महामंडळाने ठरविलेला आहे आणि येथे तर खाजगी मालमत्तेचा पडदाही अपुरा आहे, कारण थांब्याचा करार सार्वजनिक महामंडळ करते. त्या करारात डबा खाण्यासाठी सावलीतली चार बाकडी, पाण्याचा नळ आणि दर्शनी भागात दरपत्रक या अटी घालायला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. जिल्हा शाखांनी आपापल्या भागातील थांब्यांवर जाऊन यांपैकी काय आहे आणि काय नाही ते लिहून आणावे आणि विभाग नियंत्रकांपुढे ठेवावे. मल्टिप्लेक्सपुरते बोलायचे तर फुकट पाण्याचा आदेश आजही लागू आहे. तो नळ कोणत्या कोपऱ्यात आहे, चालू आहे की नाही आणि शेजारी पेला आहे की नाही, हे पाहून यायला कार्यकर्त्याला एक तिकीट पुरेल.